हिंमतरावांच्या मोटारीचं मेण

मी मेणाचा डबा बोलतोय. मेणबत्तीचं मेण नव्हे, मोटारीला चोळायचं मेण. डब्यात बसून बोलतोय म्हणून आवाज जरा दबका वाटेल, पण मनात दाबून ठेवलेलं काही नाही. जे पाहिलं ते सांगतो. कुणाला राग आला तर येऊ दे. माझं झाकण गंजून इतकं घट्ट बसलंय की मला उघडून कुणी जाब विचारेल अशी भीती आता उरलेली नाही.

माझा जन्म मुंबईतल्या एका कारखान्यात झाला. कुठल्याशा परदेशी झाडाच्या पानावरचं कडक मेण वितळवून, त्यात टर्पेंटाइन आणि आणखी दोन-चार गोष्टी घालून मला घोटलं. चपट्या लाल डब्यात ओतलं. झाकणावर हंसाचं चित्र छापलं. मोटारीचा आणि हंसाचा काय संबंध, ते त्या कारखान्याच्या मालकालाच ठाऊक. त्याला बहुतेक हंस आवडत असावा.

माझ्या पाठीवर मला वापरायची रीत इंग्रजीत लिहिलेली होती. गाडी धुवा, पुसा, मेणाचा पातळ हात द्या, वाळू द्या, मग मऊ फडक्यानं घासा. एवढंच. पण या चार ओळी अख्ख्या शहादा तालुक्यात आजवर एकाही माणसानं वाचलेल्या नाहीत, हे मी छातीठोक सांगतो.

मला शहाद्याला पोचवलं एका फिरत्या विक्रेत्यानं. तिथल्या बाजारात रतिलालचं दुकान होतं. दोऱ्यापासून दंतमंजनापर्यंत सगळं तिथं मिळायचं. विक्रेत्यानं रतिलालला सांगितलं की आता गावोगाव मोटारी येणार, आत्ताच माल भरून ठेव. रतिलालनं भरला. आणि मग वर्ष गेलं, दुसरं गेलं, मोटारी काही आल्या नाहीत. मी कंदिलाच्या काचा आणि दंतमंजनाच्या पुड्या यांच्यामध्ये धूळ खात बसलो.

रतिलाल मुळात धंद्यातला माणूस. पडून राहिलेला माल त्याला बघवायचा नाही. त्यानं मला मिशांना पीळ द्यायचं मेण म्हणून खपवायचा प्रयत्न केला. एका म्हातारबाला गुडघ्यावर लावायचा मलम म्हणून दाखवलं. म्हातारबानं वास घेतला आणि रतिलालकडे असं पाहिलं की तो मला मुकाट्यानं परत फळीवर ठेवून मोकळा झाला. अपमान कुणाचा झाला? माझा. रतिलालला त्याचं काही नाही.

अशात एक दिवस दुकानात बातमी आली की सारंगखेड्याच्या हिंमतरावांनी मोटार घेतली.

हिंमतराव म्हणजे तापीकाठचे मोठे शेतकरी. कापूस, केळी, ऊस, सगळं भरभरून. त्यांच्या वडलांची एक घोडी होती, आणि दर वर्षी सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेत ते तिला मिरवायचे. वडील गेले, घोडी गेली, पण मिरवायची खाज काही गेली नाही. ती वारसाहक्कानं हिंमतरावांकडे आली. त्यांनी सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी काळी मोटार आणली आणि घोडीच्या रिकाम्या पागेत उभी केली. मोटार चालू होत होती, पळत होती. फक्त तिचा रंग मातकट पडला होता.

तो रंग हिंमतरावांच्या डोळ्यांत खुपायला लागला. कुणीतरी सांगितलं की मोटारीला लावायचं मेण मिळतं, शहाद्याला बघा. म्हणून ते मेण घ्यायला आले. कशात बसून आले असतील? बैलगाडीत. मोटारीसाठी मेण आणायला बैलगाडी जुंपली, कारण रस्त्यावर धूळ होती आणि मोटारीला धूळ लागू द्यायची नव्हती. मी फळीवरून हे ऐकलं आणि म्हटलं, आपलं भवितव्य कठीण आहे.

सोबत होते इंद्रसिंग. हिंमतरावांचे बालमित्र, आणि पंचक्रोशीत घोड्यांचे पारखी म्हणून नावाजलेले. मोटारीतलं त्यांना काडीइतकं कळत नव्हतं, पण घोड्यातलं कळतं म्हणजे मोटारीतलं कळलंच, असा त्यांचा स्वतःचा समज होता. तो समज त्यांनी हिंमतरावांच्याही गळी उतरवला होता.

बाहेर गाडीत हिंमतरावांच्या बायको बसल्या होत्या, अनुसयाबाई. त्या का आल्या होत्या ते लगेच कळलं. त्यांचं माहेर म्हसावदचं. तिथं त्यांची आई धनुबाई दिवाळीपासून अंथरुणाला खिळली होती. म्हातारीनं जन्मात मोटारीत पाय ठेवला नव्हता. जवायानं मोटार घेतली हे कानावर गेल्यापासून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला मोटारीबद्दल विचारायची. अनुसयाबाईंनी मनाशी धरलं होतं की आईला एकदा, फक्त एकदा, त्या मोटारीत बसवायचं आणि गावाला चक्कर मारून आणायचं. हिंमतराव हो म्हणाले होते. त्यांची अट एकच होती, आधी गाडी चमकली पाहिजे.

म्हणजे बघा, म्हातारीची इच्छा माझ्या झाकणावर येऊन टेकली होती. मला त्या वेळी मोठी धन्यता वाटली. वाटलं, चला, गुडघ्याचा मलम होण्यापेक्षा हे बरं.

रतिलालनं मला फडक्यानं पुसून पुढे ठेवलं. हिंमतरावांनी झाकण उघडलं, बोट घातलं, आणि जे काही बोटाला लागलं ते हाताच्या पाठीवर चोळायला लागले. मग नाकाशी नेलं. मग उजेडात धरून पाहिलं. मला क्षणभर काही उमजेना. नंतर उमजलं की हा गृहस्थ तूप पारखतोय. त्यांच्या घरी वर्षाचं तूप असंच घेत. हातावर चोळायचं, विरघळतं का बघायचं, रवा आहे का बघायचं, वास घ्यायचा. चांगलं तूप हाताच्या उबेनं पाणी होतं. मीही पाणी होईन अशी त्यांची अपेक्षा होती.

अहो, मी कडक मेण. उन्हात वितळू नये म्हणून तर मला असं घडवलं. मी हातावर पाणी झालो असतो तर मोटारीवर काय टिकलो असतो? पण हे सांगणार कोण? पाठीवर लिहिलेलं होतं, तिकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. इंद्रसिंगांनी नखानं मला खरवडलं, वास घेऊन तोंड वाकडं केलं आणि निकाल दिला की हा माल जुनाट आहे, सुकलाय, आणि घासलेटासारखा घाण मारतो. तुपात भेसळ सापडल्यावर माणसं जशी बघतात, तसे दोघे रतिलालकडे बघत राहिले.

समोरच्या दुकानात एक पिवळा डबा होता. लाकडी कपाटांना आणि खुर्च्यांना लावायचं ते पॉलिश. मऊ, रवाळ, लिंबाच्या वासाचं. हातावर चोळलं की विरघळायचं. ते पाहून दोघांचे चेहरे खुलले. घरच्या म्हशीचं तूप मिळाल्याचा आनंद झाला त्यांना. त्यांनी ते घेतलं आणि जाता जाता रतिलालला ऐकवलं की माल ठेवावा तर असा.

रतिलालनं मला परत फळीवर ठेवलं, जरा आपटूनच.

बाहेर अनुसयाबाई गाडीत नीट सावरून बसल्या होत्या. शहादा म्हणजे सारंगखेड्याहून म्हसावदच्या अर्ध्या वाटेवर. इथवर आलोच आहोत म्हणून त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "आपू शहादालगून उनूत. आठून मसावद कितलं दूर शे? मायले भेटी येऊत."

हिंमतरावांनी इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाले, "घरमा मोटर ऱ्हाईसन बैलगाडीमा जासूत का सासरवाडीले? लोके काय म्हनतीन?"

बैल सारंगखेड्याच्या दिशेला वळले. अनुसयाबाई गाडीच्या मागच्या अंगाला तोंड करून बसल्या होत्या, त्यामुळे म्हसावदचा रस्ता त्यांना बराच वेळ दिसत राहिला असेल. मला त्या बाईचं फार वाईट वाटलं. मी नाकारला गेलो याचं दुःख तेवढ्यापुरतं बाजूला पडलं.

पुढचं मला हिंमतरावांच्याच तोंडून कळलं, कारण थोड्याच दिवसांत ते पुन्हा दुकानात आले. चेहरा उतरलेला. त्या पिवळ्या तुपानं पहिल्या सकाळी मोटार खरंच चमकली. दुपारी ऊन चढलं तसं ते तूप पातळ झालं. संध्याकाळी गुरं घरी परतली, गावभर धूळ उडाली, आणि ती सगळी धूळ मोटारीवर येऊन बसली ती उठेचना. पुसायला गेले तर चिखल झाला. तिळात घोळलेल्या लाडवासारखी मोटार पागेत उभी होती आणि गाव बघायला येत होतं. इंद्रसिंगांनी मात्र सगळा दोष गुरांवर टाकला.

रतिलालनं मला खाली काढलं. म्हणाला, मी त्याच दिवशी सांगत होतो, हाच खरा माल. कधी सांगितलं होतं बाबा? मी तिथंच होतो की. त्या दिवशी हा पठ्ठ्या मूग गिळून बसला होता. पण हिंमतरावांना आता कुणावर तरी विश्वास ठेवायचा होता. या खेपेला त्यांनी मला हातावर चोळलं नाही, वासही घेतला नाही. निवडलं काय, पदरात पाडून घेतलं. नवरी पसंत करतानाही माणसं असंच करतात असं मी ऐकून आहे. आधी नको ते बघून बघून नाकारायचं, आणि मग थकून जे समोर असेल त्याला हो म्हणायचं.

मी सारंगखेड्याला आलो. मला पागेतल्या कोनाड्यात जागा मिळाली. मोटार आधी गरम पाण्यानं, मग रिठ्यानं धुवून काढली, तेव्हा कुठे ते तूप सुटलं. मग हिंमतरावांनी मला हातात घेतलं. आता स्वतःची तारीफ स्वतः करू नये, पण काय सांगू तुम्हाला, मी त्या गाडीचं सोनं केलं. काळा रंग असा उघडला की हिंमतरावांना बॉनेटमध्ये स्वतःच्या मिशा दिसायला लागल्या. त्यांनी तिथंच उभं राहून त्या विंचरल्या. इतकी वर्षं फळीवर काढलेली, त्या दिवशी सगळी भरून निघाली असं मला वाटलं.

अनुसयाबाईंनाही तसंच वाटलं. त्या घरात गेल्या आणि थोड्या वेळानं धुवट लुगडं नेसून बाहेर आल्या. हातात गाठोडं होतं. आईसाठी मऊ शेवया घेतल्या होत्या, मेथीचे लाडू घेतले होते. गाडी चमकली होती. अट पुरी झाली होती.

तेवढ्यात इंद्रसिंग आले. त्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारली, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, दारावर थाप मारली. मग अनुसयाबाईंच्या हातातल्या गाठोड्याकडे पाहिलं आणि घोडेबाजाराचा कायदा सांगितला. म्हणाले, "जत्रा व्हई तोपावत पाठवर कोनले बठू देवानं नही."

त्यांचं म्हणणं असं की जत्रेत दाखवायचं जनावर आधी राबवायचं नसतं. त्याच्यावर कुणी बसलं की पाठ मळते, अंगाला घाम येतो, तकाकी जाते. खरारा करायचा, मालिश करायची, आणि सावलीत बांधून ठेवायचं. घोड्याच्या बाबतीत हे कितपत खरं ते घोडा जाणे. पण मोटारीला पाठ नसते, घाम नसतो, हे त्या दोन जाणत्या पुरुषांच्या ध्यानात आलं नाही. जत्रा तोंडावर आली होती. वडलांची घोडी जिथं बांधायचे, तिथंच मोटार उभी करायची, असं हिंमतरावांनी पक्कं करून टाकलं.

अनुसयाबाई गाठोडं घेऊन आत गेल्या. शेवया पुन्हा डब्यात भरल्याचा आवाज मला पागेपर्यंत ऐकू आला. बाईमाणसाला एवढं गप्प बसायला कोण शिकवतं, हे मला अजून कळलेलं नाही.

मग काय, रोज खरारा सुरू. सकाळ-संध्याकाळ मला बोटानं उपसायचं आणि मोटारीला चोळायचं. मी झपाट्यानं कमी व्हायला लागलो. मोटार मात्र जागची हलली नव्हती. तिच्या चाकाखाली कोंबडीनं अंडी घातली होती. एवढी लाडकी आणि एवढी निरुपयोगी वस्तू मी त्यानंतर पाहिली नाही.

जत्रा भरली. मोटार ढकलत नेली. हो, ढकलत. चालवली असती तर धूर लागला असता. इंद्रसिंगांच्या पालाशेजारी, त्यांच्या दोन घोड्यांच्या पंक्तीला ती उभी राहिली. भोवती सुतळी बांधली, कुणी हात लावू नये म्हणून. मी आत, पुढच्या काचेपाशी, फडक्याच्या घडीवर. तिथून मला सगळी जत्रा दिसायची.

गर्दी लोटली, यात वाद नाही. दूरदूरचे शेतकरी, व्यापारी सुतळीला टेकून उभे राहायचे. घोडे बघायची सवय डोळ्यांना, त्यामुळे बघणंही तसंच. एकजण वाकून चाकं बघायचा, खूर बघावेत तशी. एकानं दात मोजायला मिळतील का म्हणून बॉनेट उघडायला सांगितलं. त्यात त्याची थट्टा किती आणि खरेपणा किती, मला सांगता येणार नाही. इंद्रसिंगांच्या एका घोड्यानं दारात स्वतःचं रूप पाहिलं आणि बिथरून खुंटा उपटला. हिंमतराव हे सगळ्यांना सांगत सुटले. घोडासुद्धा भुलला म्हणाले. तो भुलला नव्हता, घाबरला होता. पण ज्याची गाडी त्याचं म्हणणं.

गावातल्या बायका जत्रेला आल्या तेव्हा अनुसयाबाईही आल्या. त्याही सुतळीच्या बाहेरच उभ्या राहिल्या, इतरांसारख्या. एका बाईनं विचारलं, आत बसलं की कसं वाटतं गं? अनुसयाबाईंनी सुतळीपलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, गादी मऊ आहे, झोप येते.

त्या एकदाही आत बसल्या नव्हत्या. हे त्यांना माहीत होतं, हिंमतरावांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. हिंमतराव दोन हातांवर उभे होते. त्यांनी ऐकलं आणि मिशीवरून हात फिरवला, जणू काही बायकोनं गाडीची तारीफच केली.

जत्रेच्या भर गर्दीत म्हसावदहून माणूस आला. अनुसयाबाईंच्या भावानं पाठवलेला. म्हातारीनं अन्न सोडलं होतं. अनूला बोलवा म्हणत होती, आणि मोटार आली का म्हणून विचारत होती. अनुसयाबाई धावतच सुतळीपाशी आल्या. पहिल्यांदाच त्या चारचौघांत नवऱ्याशी मोठ्यानं बोलल्या, "आते चला. आत्तेच. मायले एक डाव मोटरमा बसाडनं शे माले. मंग तुम्ही काय पन करा."

हिंमतरावांनी मान खाली घातली. वाईट वाटलं त्यांना, खोटं कशाला बोलू. पण मोठा बाजार उद्यावर होता. दोंडाईच्याचे व्यापारी यायचे होते. म्हणाले, एवढा बाजार होऊ दे, मग निघूच. इंद्रसिंगांनीही मान डोलावली. म्हातारी माणसं अशीच म्हणतात, लगेच काही होत नाही, असं त्यांनी वर ऐकवलं. ते घोड्यांचे पारखी होते, आणि आता म्हातारीचेही झाले.

अनुसयाबाई वळल्या. थोड्या वेळानं जत्रेच्या कडेनं एक बैलगाडी निघाली. हाकायला गोवाल, त्यांचा सालानं ठेवलेला गडी, आणि मागे त्या गाठोडं मांडीवर घेऊन बसलेल्या. हिंमतरावांनी ती गाडी पाहिली. मग फडकं उचललं आणि मोटारीचं दार पुसायला घेतलं. तिथं धूळ नव्हती. मी सांगतो ना, नव्हती.

जत्रा संपली. हिंमतराव एकटेच मोटार घेऊन म्हसावदला निघाले. आता मात्र घाई केली त्यांनी, शहादा मागे टाकला तरी थांबले नाहीत. वाटभर कापसाच्या गाड्या, त्यांची धूळ. म्हसावद दिसायला लागलं आणि हिंमतरावांनी मागच्या आरशातून गाडीचं अंग पाहिलं. ते पांढुरकं झालं होतं. त्यांनी विहिरीजवळच्या निंबाखाली गाडी उभी केली.

मला वाटलं, तोंड धुवत असतील. पण त्यांनी गाडी धुतली. पुसली. मला उघडलं, उरलंसुरलं खरवडून पातळ हात दिला. आणि वाळायची वाट बघत विहिरीच्या कठड्यावर बसले. माझ्या पाठीवरची रीत न वाचताही ते आता अगदी बरोबर पाळायला शिकले होते. रस्त्यानं गावातला एक माणूस गेला. त्यानं ओळखलं आणि सांगितलं की म्हातारीचं काही खरं नाही, माणसं जमलीत. हिंमतराव म्हणाले, हा आलोच. आणि मऊ फडक्यानं घासायला लागले.

आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या चमकेची लाज वाटली.

गावात शिरलो. पोरं गाडीमागे धावली. दारात जमलेली माणसं बाजूला झाली, आणि बाजूला होताना आधी गाडीकडे बघत होती. हिंमतराव उतरले. घाईत मी त्यांच्या हातातच राहिलो. तसेच ते आत गेले.

धनुबाई खाटेवर होत्या. अंगाला खोबरेल चोळलं होतं, कारण हातपाय गार पडत होते. अनुसयाबाई उशाशी बसून चमच्यानं पाणी देत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे, आणि मान फिरवली. त्यांची भावजय फुलवंताबाई पुढे झाली. आजारी सासूला बघायला जवाई रिकाम्या हातानं येणार नाही, हे तिनं गृहीत धरलं. हंसाचा छाप असलेला लाल डबा तिनं आदरानं घेतला, कपाळाला लावला आणि खाटेजवळच्या फळीवर औषधाच्या बाटल्यांमध्ये ठेवला. म्हातारीच्या कानाशी वाकून सांगितलं की जवायांनी तुमच्यासाठी मुंबईचं औषध आणलंय.

हिंमतराव तिथंच उभे होते. ते खरं सांगू शकले असते. नाही सांगितलं.

म्हातारीनं डोळे उघडले. जवायाला ओळखलं. म्हणाली, "जवाई, तुम्ही मोटर लयनात का?"

हिंमतराव म्हणाले, हो, आणली, दारात उभी आहे.

म्हातारीनं लेकीकडे पाहिलं. तिच्या मनात खोच नव्हती, टोमणा नव्हता. तिला खरंच कोडं पडलं होतं. म्हणाली, "मंग मन्ही पोर बैलगाडीमा कसाले उनी?"

घरात माणसं होती, दारात होती. सगळ्यांनी ते ऐकलं. हिंमतरावांच्या मिशा मी बॉनेटमध्ये कितीदा पाहिल्या होत्या, पण त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता. ते खाटेपाशी खाली बसले. म्हणाले की मी तुम्हाला उचलून नेतो, आत्ता, चला, गाडीत बसा.

म्हातारीनं मान हलवली. "आते नको. मन्हा अंगले तेल चोळेल शे. तुमनी गाडी मळी जाई."

एवढं बोलून तिनं डोळे मिटले. जवायाच्या गाडीला डाग पडू नये म्हणून तिनं इतके दिवस धरलेली इच्छा सोडून दिली, आणि तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता ती गेली. माहेरची माणसं रडत होती. सांत्वनाला येणारे पाहुणे दारात थबकून आधी मोटारीभोवती फिरत, मग आत येऊन रडत.

दिवसकार्य उरकलं. परत निघताना हिंमतरावांनी मोटारीचं दार स्वतः उघडून धरलं. अनुसयाबाई गोवालच्या बैलगाडीत चढल्या. हिंमतराव म्हणाले, मोटारीतून लवकर पोचशील. त्या म्हणाल्या, "आते माले कसानी घाई शे?"

मी फळीवरच राहिलो. हिंमतराव मला मागायला आले नाहीत. कोणत्या तोंडानं मागतील? इथं येणाऱ्यांच्या बोलण्यातून त्यांची खबर लागते. मोटारीचा रंग पुन्हा मातकट पडलाय म्हणे. पण पारावर विषय निघाला की ते अजून सांगतात, सासूबाईंचा शेवट जवळ आला आणि मी मोटार घेऊन वेळेवर पोचलो. ऐकणारे माना डोलावतात. मोटार होती म्हणून जमलं, असंही कुणीतरी म्हणतं.

आता बरीच वर्षं झाली. माझ्यात बोटभर मेण उरलंय, तेही वाळून दगड झालंय. म्हातारीच्या वस्तूंसोबत मी इथं बसलोय. तिची काठी, तिचा चष्मा, तिची तपकिरीची डबी आणि मी. फुलवंताबाई सणासुदीला आम्हा सगळ्यांना पुसते. येणाऱ्या पाहुण्याला दाखवते की हे औषध जवायांनी मुंबईहून आणलं होतं, पण घ्यायचं म्हातारीच्या नशिबात नव्हतं. सांगताना ती डोळे पुसते. अनुसयाबाई एस.टी.नं माहेरी येतात, तेव्हा त्यांच्यादेखतही ती हे सांगते. त्या ऐकून घेतात. माझ्याकडे मात्र कधी बघत नाहीत.

वाचणाऱ्या माणसा, कधी म्हसावदला गेलास तर माझं एवढं काम कर. मला या फळीवरून उचल आणि उकिरड्यावर टाक, नाहीतर गावच्या पोरांना लगोरीला दे. मोटारीच्या मेणाला एवढा मान झेपत नाही. माझ्याकडे बघून कुणी डोळे पुसू नयेत. मी त्या म्हातारीसाठी आणलेला नव्हतो. मोटारीतून तिच्यासाठी कुणी काहीच आणलं नव्हतं.